होबी १६ ची नवी शिडं : एक हंगाम वापरल्यानंतर

मांडव्याला आमची होबी १६ असते, म्हणजे दोन अंगांची लहान शिडाची होडी, कॅटमरान. ऑक्टोबरमध्ये तिला मेनसेल (मोठं शीड) आणि जिब (पुढचं लहान शीड) दोन्ही नवी चढवली आणि मेअखेर होडी वर ओढेपर्यंत तीच वापरली. लहान कॅटमरानची शिडं बदलायच्या विचारात जे आहेत त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो आहे.

जुनी शिडं फाटली नव्हती. कापड मात्र जुन्या धोतरासारखं मऊ पडलं होतं. नवं डेक्रॉन (शिडाचं पॉलिएस्टर कापड) करकरतं, कारण विणीत रेझिन भरलेलं असतं. उन्हानं आणि फडफडण्यानं ते निघून गेलं की कापड तिरपं ताणलं जाऊ लागतं आणि शिडाचं पोट डोलकाठीपासून मागं सरकतं. मग वारा वाढला की होडी धावण्याऐवजी नुसती कलते. होबी १६ ला तर डॅगरबोर्डच (पाण्यात खाली सोडायच्या उभ्या फळ्या) नाहीत. बाजूला घसरणं थोपवायला तिच्याकडं फक्त हलचा (तरंगणाऱ्या दोन अंगांचा) असमान आकार असतो. त्यामुळं वाऱ्यावर चढताना, म्हणजे वारा येतो त्या बाजूला जाताना, ती मुळातच थोडी कमी पडते. इथं दुपारी खारा वारा वायव्येकडून येतो आणि मुंबईकडं जायला उत्तरेला तोंड करावं लागतं. थकलेल्या शिडावर ही वाट फार घसरत कापावी लागायची.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: होबी क्लासच्या शर्यतीत उतरायचं आहे का? असेल तर पर्याय एकच, कंपनीचं अधिकृत शीड. दुसऱ्याचं तिथं चालत नाही. आम्हाला शर्यती करायच्या नव्हत्या. जकात आणि वाहतूक धरली तर मूळ शीड फार महाग पडत होतं, म्हणून शीड शिवणाऱ्याकडून करून घेतलं.

माइलारचा (प्लास्टिक फिल्मचा) थर असलेल्या लॅमिनेटचा मोह झाला होता, कारण ते ताणत नाही आणि आकार धरून ठेवतं. पण आमची होडी वाळूवरून निघते. शीड वाळूत पडतं, घाईत कसंही दुमडलं जातं, दिवसभर उन्हात राहतं. अशा वापरात फिल्मला चिरा पडतात आणि थर सुटतात. किनाऱ्यावरच्या होडीला साधं विणलेलं डेक्रॉनच घ्यावं, या मतावर मी आता ठाम आहे.

वजनाबद्दल जपून. ‘४ औंस’ म्हणजे शीड शिवणाऱ्यांचा औंस, ३६ × २८.५ इंचांच्या तुकड्याचं वजन. म्हणजे चौरस मीटरला सुमारे १७० ग्रॅम. कुणी चौरस यार्डाच्या हिशेबानं ४ औंस सांगितलं तर कापड १३५ ग्रॅमच्या आसपासच भरतं. म्हणून थेट जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) विचारावं.

पण कापडापेक्षा जास्त वेळ मापाला द्यावा. जुनं शीड देऊन ‘असंच शिवून द्या’ कधी सांगू नये, कारण ते ताणलेलं असतं. विशेषतः लीच, म्हणजे शिडाची मागची कड. लीच लांब झाली की बूमचं (शिडाखालच्या आडव्या दांड्याचं) टोक खाली येतं, मेनशीटची (मोठं शीड आवळायच्या दोराची) कप्पी कप्पीला टेकते आणि आणखी खेचायला जागाच उरत नाही. डोलकाठी मागं झुकवून चालवत असाल तर हे आणखी लवकर होतं. लफचं (डोलकाठीलगतच्या कडेचं) माप डोलकाठीवरच्या हुकापासून घ्यावं, कारण हॅलयार्डची (शीड वर चढवायच्या दोराची) कडी तिथं अडकली नाही तर डाउनहॉलचा (लफ खाली ताणायच्या दोराचा) ताण शिडावर नीट येत नाही. लफच्या दोराची जाडी तुमच्या डोलकाठीच्या खाचेत घालून बघावी. जरा जाड झाला तरी शीड अर्ध्यावर अडकतं. आणि लफची कमान डोलकाठीच्या वाकण्याशी जुळायलाच हवी, नाहीतर उत्तम कापडाचंही शीड चपटं किंवा पोटाळं बसतं.

आता वापर. सुरुवातीला कापड ताठ होतं. हलक्या वाऱ्यात जाइब केल्यावर (मागून वारा असताना शीड दुसऱ्या बाजूला घेतल्यावर) बॅटन (शिडाच्या खिशांतल्या ताठ पट्ट्या) पलटत नसत, बूमला हिसका द्यावा लागे. बॅटनच्या दोऱ्या थोड्या सैल केल्यावर ते सुधारलं. जोराच्या वाऱ्यात त्या पुन्हा आवळतो. खरा फरक फेब्रुवारीनंतर, दुपारचे वारे जोर धरू लागल्यावर कळला. डाउनहॉल खेचला की पोट पुढं येतं आणि होडी हलकी होते. जुन्या शिडावर डाउनहॉल खेचून फक्त सुरकुत्या पडायच्या. उत्तरेकडं जाताना घसरण पुष्कळ कमी झाली, ट्रॅपीजवर (डोलकाठीच्या तारेला अडकून होडीबाहेर) लटकायचा आनंद परत आला.

वरचा पट्टा आम्ही मुद्दाम नारिंगी घेतला. फेरी आणि मच्छीमार होड्यांच्या वाटेत आपण लांबून दिसणं महत्त्वाचं आहे.

तक्रार शिवणीची आहे. मागून वारा असताना बॅटनचे खिसे बाजूच्या तारांवर घासतात. तिथं जादा पट्टी हवी होती, ती नव्हती. मार्चमध्ये धागे सुटू लागले, तेव्हा चिकट डेक्रॉन लावून वेळ निभावली. ऑर्डर देतानाच त्या जागा खडूनं दाखवून दुहेरी कापड मागा. धागाही विचारा. साधा पॉलिएस्टर धागा उन्हात कापडाच्या आधी जातो, पीटीएफई (टेफ्लॉन) धाग्याला उन्हाचं काही होत नाही. महाग आहे, पण आपल्या उन्हात तो वाजवी खर्च आहे.

दर वेळी गोड्या पाण्यानं धुतो आणि सावलीत सुकवतो, पण फडफडत ठेवून नाही. पावसाळ्यासाठी बॅटनच्या दोऱ्या सोडून, शीड न दुमडता गुंडाळून घरात ठेवलं आहे. होडीच्या शेडमध्ये उंदीर असतात आणि दमट हवेत बुरशीही धरते. ऑक्टोबरच्या आत बॅटनच्या खिशांना दुहेरी पट्ट्या शिवून घ्यायच्या आहेत, या वेळी पीटीएफई धाग्यानं.