कव्हरातली चिठ्ठी: सांगलीतील जुन्या रेकॉर्डांचे एक दुकान

सांगलीच्या गावभागात एका जुन्या वाड्याच्या माडीवर हे दुकान आहे. नाट्यसंगीत आणि हिंदी चित्रपटगीतांच्या रेकॉर्डही येथे भरपूर आहेत; परंतु मुद्दाम वाट वाकडी करून जावे ते अमेरिकन जॅझ, ब्लूज आणि सोल या संगीतप्रकारांच्या कपाटासाठी. दुकानाचे मालक, म्हणजे सर्वांचे काका, यातील बहुतेक रेकॉर्डांच्या कव्हरात स्वतःच्या अक्षरात लिहिलेली एक चिठ्ठी ठेवतात. तिच्यात गाण्याची स्तुती नसते. गाणाऱ्याचे पोट कशावर चालले आणि त्याचे काम कशामुळे सुटले, एवढेच असते. आणि माझ्या मते या दुकानाचे खरे मोल त्यातच आहे.

ब्लूज गायक आणि गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्ट यांचीच चिठ्ठी पाहावी. त्यांनी १९२८ मध्ये ओके कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले, विक्री बेताचीच झाली, पुढे मंदी आली आणि ते अ‍ॅव्हलॉन या आपल्या गावी शेतीची कामे करत राहिले. त्यांच्याच एका गाण्यात आलेल्या गावाच्या नावावरून १९६३ मध्ये एका चाहत्याने त्यांना शोधून काढले, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. आणि १९६६ मध्ये ते वारले. हे वाचून रेकॉर्ड लावली की अंगठ्याने धरलेला खर्जाचा ठेका आणि त्यावर इतर बोटांनी खुलवलेली धून ऐकताना मधली पस्तीस वर्षे या हातांनी काय केले, याचा विसर पडत नाही.

जॅझ गायिका बिली हॉलिडे यांच्या चिठ्ठीत कॅबरे कार्डाची, म्हणजे क्लबांत काम करण्याच्या परवान्याची, हकिकत आहे. अमली पदार्थांच्या प्रकरणात १९४७ मध्ये शिक्षा झाल्यावर त्यांना हे कार्ड गमवावे लागले आणि त्याविना न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या क्लबांत गाता येत नसे. १९४८ मध्ये कार्नेगी हॉल तुडुंब भरवणाऱ्या गायिकेला त्याच शहरातल्या छोट्या क्लबांची दारे बंद होती, हा अन्याय काकांनी अवघ्या चार ओळींत मांडला आहे.

मला सर्वांत भिडली ती ब्लूज गायिका बेसी स्मिथ यांची चिठ्ठी. त्या सप्टेंबर १९३७ मध्ये मिसिसिपीत मोटार अपघातात गेल्या आणि पुढच्याच महिन्यात अब्दुल करीम खाँसाहेब गेले. खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी संगीतसभा होते. बेसींच्या कबरीवर मात्र १९७० पर्यंत नावाचा दगडही नव्हता.

सोलच्या कप्प्यात हा कस टिकत नाही. तेथे केवळ गायकांच्या चिठ्ठ्या आहेत. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांना ज्यांच्या बेस गिटारने लय दिली, त्या जेम्स जेमरसन यांच्यावर एक ओळही नाही. मार्विन गे यांच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या रेकॉर्डपूर्वी कंपनीनेही आपल्या वादकांची नावे कव्हरवर सहसा छापली नव्हती, निदान येथे तरी ती उणीव भरून निघायला हवी.

काही कव्हरांवर २०१९ च्या महापुराचे डाग आहेत. काका ते आधीच दाखवतात, रेकॉर्ड पुसून दोन्ही बाजू वाजवून ऐकवतात आणि मगच किंमत सांगतात. परदेशी छपाईच्या प्रती महाग आहेत. भारतात छापलेल्या रास्त भावात मिळतात आणि चिठ्ठी त्यांच्यासोबतही असते.