बालगृह सोडताना पुढचं घर कोणतं? ठाणे-नवी मुंबईतल्या पर्यायांची तुलना

नियमाप्रमाणे बालगृहातला मुक्काम वयाला 18 वर्षं पूर्ण झाली की संपतो. त्या वेळी मुलाची बारावी चालू असेल, आयटीआयचं एक वर्ष बाकी असेल, नाहीतर कुठलंच काही ठरलेलं नसेल. म्हणून पुढे राहायचं कुठे हा विषय सोळाव्या वर्षीच काढायला हवा. ठाणे जिल्ह्यातल्या संस्थांमधल्या मुला-मुलींबरोबर मी काम करते आणि दरवर्षी हाच प्रश्न समोर येतो. अधीक्षक, समाजसेवक, एखाद्या मुलाचा हात धरलेली ताई किंवा दादा आणि अर्थातच ते मूल स्वतः, यांना निर्णय घेताना हाताशी असावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी कायद्याचं. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 46 मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे नंतरच्या आधाराची तरतूद आहे. हा आधार वयाच्या 21 व्या वर्षापर्यंत मिळू शकतो, अपवादात्मक परिस्थितीत 23 पर्यंत. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा 4000 रुपये धरले आहेत. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याचा पुढचा आराखडा बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे ठेवायचा असतो. प्रत्यक्षात या दोन महिन्यांत फक्त कागद होतात. तयारीला त्याच्या कितीतरी आधी लागावं लागतं.

पर्यायांची तुलना बहुतेक जण जागा कशी आहे, जेवण मिळतं का, खर्च किती, यावर करतात. ते बघायलाच हवं. पण मी आधी तीन प्रसंग डोळ्यांसमोर आणते: मुलाला ताप आला, नोकरी गेली आणि दिवाळीची सुट्टी लागली. या तिन्ही वेळी ते कुठे असेल आणि फोन कोणाला करेल? याचं उत्तर ज्या पर्यायात सापडतं, तो साधा दिसला तरी चांगला.

अनुरक्षणगृह आणि गटाची खोली

खरी तुलना बहुतेक वेळा या दोघांतच होते. अनुरक्षणगृह म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्या तरुणांना राहण्यासाठीची संस्था. तिथे छप्पर, जेवण आणि पत्ता तिन्ही मिळतं. डिपॉझिट नाही, घरमालकाची विनवणी नाही. ताप आला तर दवाखान्यात न्यायला माणूस आहे, नोकरी गेली तरी रात्री झोपायला जागा आहे, दिवाळीतही दार उघडं आहे. माझ्या तिन्ही कसोट्या हा पर्याय पार करतो, त्यामुळे तो कमी लेखू नका. ज्या मुलीला घरच्याच कोणाकडून धोका आहे, ज्या मुलाची औषधं कायमची चालू आहेत, जे शिकण्यात किंवा व्यवहारात मागे आहे, त्याच्यासाठी मी पहिला अर्ज इथेच करायला सांगेन.

उणीव अशी की ही पुन्हा संस्थाच असते. जेवणाची वेळ ठरलेली, गेट बंद व्हायची वेळ ठरलेली. महापे-रबाळेच्या एमआयडीसीत किंवा कॉल सेंटरमध्ये शिफ्टची नोकरी लागली, तर रात्री साडेअकराला परतणाऱ्या मुलाचं काय करायचं यावरून वाद होतात. शिवाय जागा जिथे रिकामी असेल तिथे जावं लागतं. ठाण्यात कॉलेज, मित्र, ओळखीचे सर असलेल्या मुलाला ते सगळं सोडून दुसऱ्या शहरात बस्तान बसवावं लागू शकतं. आणि स्वयंपाक, भाडं, वीजबिल यांच्याशी गाठ पडायची ती पडतेच, फक्त तीन वर्षं उशिरा.

गटाची खोली म्हणजे सहा-आठ जणांनी मिळून राहायचं, वर एखाद्या जबाबदार माणसाचं लक्ष. नियमांतही अशा गटनिवासाची सोय सांगितली आहे. आपल्याकडे संस्था किंवा कार्यकर्ते तीन-चार जणांसाठी एक खोली घेऊन हेच करतात. ठाणे-वाशी लोकलमुळे ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे हा सगळा पट्टा त्यासाठी सोयीचा आहे. काम जवळ, पास स्वस्त, आणि गावठाणात सोसायटीच्या मानाने भाडं कमी. कळव्यातलं खारेगाव, विटावा हेही बघण्यासारखे.

पण खोली मिळवणं सोपं नाही. घणसोलीच्या गावठाणात एका एजंटने माझ्यासमोर मुलाला विचारलं, "घरच्यांचं आधार कार्ड आण, आई किंवा वडील, कोणाचंही चालेल." मुलगा माझ्याकडे बघत राहिला. करार करायला तो 18 पूर्ण होता, हातात पगाराची स्लिप होती, तरी त्या एका वाक्याशी गाडी अडली. त्यानंतर मी शक्य असेल तिथे करार संस्थेच्या नावाने करायला सांगते, राहणाऱ्या मुलांची नावं त्यात घालून. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, तेव्हा "अकरा महिन्यांचं तोंडी ठरवून टाकू" याला हो म्हणू नका. नोंदवलेला करार पुढे आधारवरचा पत्ता बदलायलाही उपयोगी पडतो.

पैशांचं गणित मुलांबरोबर बसून कागदावर करा. गल्लीनुसार भाडं बदलतं, पण समजा खोली 9000 रुपयांची आणि राहणारे चार, तर प्रत्येकी 2250. किराणा-भाजी किंवा डबा यात 3000 जातात. वीज, गॅस, रिचार्ज, पास आणि साबण-तेल धरलं की आकडा सहजच 6500 च्या आसपास पोचतो. म्हणजे 4000 रुपयांच्या मदतीवर एकटं कोणी राहू शकत नाही. त्याला शिकाऊ उमेदवारीचा भत्ता किंवा अर्ध्या वेळचं काम जोडावं लागतं. आणि मदतीची रक्कम दर महिन्याच्या एक तारखेला हातात पडेल असं धरून चालू नका. तीन महिन्यांचं भाडं वेगळं काढून ठेवल्याशिवाय मी कोणालाही खोलीत पाठवत नाही. गॅसचं मोठं कनेक्शन पत्त्याच्या पुराव्यावाचून अडतं, पण पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. एवढी माहितीही खोलीतल्या पहिल्या आठवड्यात फार कामाची ठरते.

कोण कोणाबरोबर राहणार हेही नीट बघा. एकाच वयाची, एकाच संस्थेतली, चारही बेरोजगार मुलं एका खोलीत घातली की दोन महिन्यांत भाडं थकतं आणि भांडणं सुरू होतात. चारांतला एक तरी वर्ष-दोन वर्षं आधी बाहेर पडलेला, कमावता असावा. मुलींच्या खोलीसाठी मी स्टेशनपासूनचा रस्ता रात्री नऊ वाजता स्वतः चालून बघते. उजेड आहे का, दुकानं उघडी असतात का, घरमालकीण खाली राहते का, हे भाड्यापेक्षा महत्त्वाचं.

तीन कसोट्यांवर गटाची खोली पूर्णपणे एका माणसावर उभी आहे. आठवड्यातून एकदा येणारी ताई किंवा दादा असेल, भाड्याची पावती बघणारा, "जेवलास का" विचारणारा, तर हा पर्याय मला सगळ्यांत चांगला वाटतो. तो माणूस नसेल तर त्या खोलीपेक्षा अनुरक्षणगृह बरं.

वसतिगृह

शिकणाऱ्यांसाठी शासकीय वसतिगृह हा भक्कम पर्याय आहे. समाजकल्याणच्या वसतिगृहांत अनाथ मुलांसाठी 2 टक्के जागा राखीव असतात. राहणं-जेवण मोफत, वर निर्वाहभत्ता. अनाथ प्रमाणपत्र असलेल्यांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण आहे, आणि 2024 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्कही राज्य सरकार भरतं. हे सगळं एकत्र जुळलं तर इंजिनिअरिंग किंवा नर्सिंग संस्थेतल्या मुलांच्या आवाक्यात येतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. बालगृहातलं प्रत्येक मूल अनाथ नसतं. अनेकांची आई किंवा वडील हयात असतात, पण सांभाळायच्या परिस्थितीत नसतात. त्यांना हे प्रमाणपत्र मिळत नाही. एकाच पंगतीला वाढलेल्या दोन मैत्रिणींपैकी एकीची फी माफ होते आणि दुसरीची नाही, असं होतं. दुसरीच्या बाबतीत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि इतर शिष्यवृत्त्या यांच्या मागे लागावं लागेल, आणि त्यासाठी आईची कागदपत्रं वेळेत गोळा करावी लागतील.

वसतिगृहाची अडचण दिवाळीत आणि मे महिन्यात कळते. मेस बंद, सगळ्यांच्या बॅगा भरलेल्या, आणि संस्थेतून आलेल्या मुलीला जायला ठिकाण नाही. प्रवेश घेण्याआधी सुट्टीत कुठे राहता येईल हे वॉर्डनना विचारा आणि सुट्टीत घरी बोलावणारं एक कुटुंब आधीपासून जोडून ठेवा. हे कुटुंब अठराव्या वर्षी अचानक सापडत नाही. चौदा-पंधराव्या वर्षापासून गणपतीला, भाऊबीजेला जाणं-येणं असेल तरच ते नातं टिकतं.

नातेवाईक

मामा, काका, आजी तयार असतील तर समितीलाही हा पर्याय पटकन पटतो. मला तो घाईने पटत नाही. दहा वर्षं भेटायला न आलेली माणसं मूल कमावतं व्हायच्या बेताला उगवतात, तेव्हा मी थांबते. मुलीच्या बाबतीत लग्न लावून मोकळं होण्याचा विचार असतो, मुलाच्या बाबतीत पगाराचा. सगळेच तसे नसतात. डोंबिवलीत दोन खोल्यांत राहून भाच्याला मनापासून सामावून घेणारी मामीही मी पाहिली आहे. फरक ओळखायचा तर शेवटच्या वर्षात सुट्टीसुट्टीने राहून बघायला हवं, आणि परत आल्यावर मूल काय सांगतं, काय सांगत नाही, याकडे लक्ष द्यायला हवं.

राहण्यासकट नोकरी

हॉटेल, सिक्युरिटी, घरात राहून आजारी माणसाची सेवा. जाहिरात आकर्षक असते: राहणं-जेवण फुकट, पगार हातात. पण नोकरी गेली की त्याच दिवशी छप्परही जातं, आणि हे मालकाला ठाऊक असल्याने मूल पगार थकला तरी बोलत नाही. पहिलं ठिकाण म्हणून मी हे कोणालाच सुचवत नाही.

तयारी कुठे करायची

वरचा कोणताही पर्याय निवडला तरी तयारी संस्थेतच व्हायला हवी. दोन दिवसांचं जीवनकौशल्य शिबिर आणि रोजचा सराव यांत निवड करायची तर डोळे झाकून सराव निवडा. आमच्याकडची एक मुलगी स्वयंपाकघरात मावशींच्या हाताखाली साठ जणांच्या पोळ्या लाटायची, फार सुंदर. खोलीत राहायला गेल्यावर पहिल्या दिवशी तिने तिघींसाठी परातभर कणीक मळली. तूरडाळ किती रुपये किलो आहे हे तिला माहीत नव्हतं, कारण डाळ नेहमी पोत्यातून यायची. तेव्हापासून सतरा वर्षांच्या मुलांना आम्ही आठवड्याचे पैसे हातात देतो. तिघांनी मिळून बाजार करायचा, शिजवायचं, हिशेब लिहायचा. पैसे गुरुवारीच संपले तर शुक्रवारी संस्थेचं जेवण मिळतं. पण कशावर गेले ते बसून बोलायचं. एकट्याने लोकलने वाशीच्या रुग्णालयात जाऊन केसपेपर काढणं, बँकेत फॉर्म भरणं, नोकरीच्या मुलाखतीत "वडील काय करतात" याला शांतपणे उत्तर देणं, हे सगळं असंच करत करत येतं.

मला विचाराल, तर शिकणाऱ्यांना वसतिगृह आणि सुट्टीसाठी एक कुटुंब, काम धरणाऱ्यांना लक्ष ठेवणाऱ्या ताई-दादासह गटाची खोली, आणि अजून पाय स्थिर नसलेल्यांना अनुरक्षणगृह. पण मुलाला आधी विचारा, आणि निवडलेल्या जागी चार दिवस राहून येऊ द्या. बघून आल्यावर बेत बदलणारी मुलं बरीच असतात आणि त्यांचं बहुधा बरोबर असतं.

कागदांसाठी मात्र थांबू नका. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, पॅन आणि लागू असेल तर अनाथ प्रमाणपत्र हे सगळं सतराव्या वर्षीच सुरू करा. समितीचे आदेश आणि दाखल होतानाच्या नोंदी संस्थेच्या फाइलमध्ये असतात, आणि कर्मचारी बदलले की त्या शोधायला माणूस राहत नाही. अल्पवयीन असताना उघडलेलं बँक खातं 18 नंतर नव्या केवायसीशिवाय नीट चालत नाही. आणि आधारला कोणाचा मोबाइल जोडला आहे ते आजच तपासा. पुष्कळ मुलांच्या आधारला अधीक्षकांचा किंवा कधीच नोकरी सोडून गेलेल्या काकांचा नंबर असतो. मूल पनवेलच्या एखाद्या ऑफिसात पहिल्या नोकरीचा फॉर्म भरत असतं आणि ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर जातो. मुलाचं स्वतःचं सिम आलं की त्याच आठवड्यात त्याला आधार केंद्रावर घेऊन जा आणि नंबर बदलून घ्या.