ब्रेडबोर्ड उत्तम, पुस्तिका चटका देणारी (शालेय विद्युत किट, ६४९ रुपये)

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. सिरीज बोर्डाला (बल्बमधून करंट देऊन तपासायचा बोर्ड) शंभर वॅटचा बल्ब लावून शॉर्ट शोधण्यात पंचवीस वर्षं गेली. तरी नववीतल्या मुलीनं ‘धाराविद्युत’ धड्यातली एक आकृती पुढे धरून “पप्पा, हे एकसर की समांतर?” विचारलं, तेव्हा मी ठोकून दिलं, “एका रांगेत आहेत, म्हणजे एकसर.” साफ चुकलो. म्हणून हे किट मागवलं.

आकृतीत तीन रोध (रेझिस्टर) रांगेत होते: अ-ब, ब-क, क-ड. पण वरून एक वायर अ पासून क ला, खालून दुसरी ब पासून ड ला. ब्रेडबोर्ड म्हणजे सोल्डर न करता भोकांत तारा खोचून जोडणी करायची पाटी; तिच्या एका पट्टीतली पाच भोकं आतून एकाच पत्तीनं जोडलेली असतात, म्हणून मुलीनं प्रत्येक पट्टीला एक अक्षर दिलं. नुसत्या वायरीनं जोडलेल्या पट्ट्यांना एकच अक्षर. झालं, क चा अ झाला, ड चा ब झाला, आणि तिन्ही रोध अ-ब मध्येच निघाले. दोन्ही टोकं सामाईक, म्हणजे समांतर! ३३० ओहमचे तीन लावले, तर मल्टिमीटरवर १०९ ओहम. एकसर असते तर ९९० च्या आसपास आले असते.

एकसरची खूण एवढीच, की दोन रोधांच्या सांध्यावर तिसरं काही लागलेलं नको. तिथून फाटा निघाला की धारा वाटली जाते.

आता पुस्तिका. १०० ओहमचे दोन रोध समांतर करून थेट नऊ व्होल्टच्या बॅटरीला लावा म्हणते. तेच एकसर लावले तर प्रत्येकावर साडेचार व्होल्ट, साधारण ०.२ वॅट, चालतं. समांतरमध्ये प्रत्येकावर पूर्ण नऊ, म्हणजे हिशेबानं ०.८१ वॅट, आणि किटमधले रोध पाव वॅटच सोसणारे! जळका वास आला, पोरीच्या बोटाला चटका बसला. हे लिहिणाऱ्यानं स्वतः एकदा तरी जोडून बघायचं होतं. तुम्ही १ किलोओहमचे वापरा. आणि ओहम मोजताना बॅटरी काढा, तेही त्यात नाही.

आणखी एक, बोर्डाच्या कडेची लाल-निळी रेघ मध्ये तुटलेली आहे, तिथं आतली पत्तीही तुटलेली. यात आमचा अर्धा तास गेला.

पाचपैकी साडेतीन स्टार. मीटरमधली बॅटरी दुसऱ्या दिवशी संपली, नवी आधीच आणून ठेवा.