मिरची बियापासून लावायची का कटिंगपासून?

आपल्या नागपुरात गच्चीवर मिरची लावणाऱ्यांचं हे कन्फ्युजन दर पावसाळ्यात असतेच, मी दोन्ही करून पाहिलं म्हणून सांगतो.

बी पेरलं तर ८-१० दिवसात उगवते, महिन्या-सव्वा महिन्यात रोप कुंडीत हलवायचं आणि मग तिथून दोनेक महिन्यांनी मिरच्या. मुळं खोल जातात, म्हणून आपला ४५ डिग्रीचा मे महिना असं रोप जरा बरं काढते. पण हायब्रीड मिरचीचं बी ठेवलं तर पुढचं झाड तसंच निघेल याची गॅरंटी नाही, आणि शेजारी दुसरी मिरची असली तर क्रॉस पण होते.

कटिंगचं तसं नाही, आईसारखंच हुबेहूब झाड येते! भिवापुरी मिरचीचं (आपल्या भिवापूरकडची जात) एखादं मस्त झाड सापडलं तर मी तेच करतो. फुलं नसलेली कोवळी फांदी, चारेक इंच, गाठीच्या खाली तिरपा काप, खालची पानं काढायची, कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) खोचून सावलीत. दोन-तीन आठवड्यात मुळं फुटतात, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सगळ्यात छान, उन्हाळ्यात मात्र बिलकुल नको, कूलरसमोर ठेवलं तरी सुकते. कळ्या आल्या तर सुरुवातीला खुडा भाऊ, जीव मुळांकडे जाऊ द्या.

आणि पानं चुरडलेल्या झाडाची फांदी चुकूनही घेऊ नका, पानं चुरडवणारा व्हायरस कटिंगसोबतच येते.

चार कुंड्या असतील तर कटिंग, वाफा भरायचा असेल तर बीच.