परदेशी इम्प्लांटचे पैसे घेतले, बसवले भलतेच

महागड्या कंपनीचे नाव सांगून स्वस्तातला माल बसवण्याचा प्रकार नवा नाही. तरीही म्हापशातील एका दातांच्या दवाखान्याने दोन इम्प्लांटसाठी, म्हणजे कृत्रिम दाताखाली जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूंसाठी, माझ्याकडून १,३६,००० रुपये उकळले. पावतीवर केवळ ‘इम्प्लांट, २ नग’ एवढेच लिहिले होते. कंपनी आणि मॉडेल लिहिलेले नसेल, तर एक रुपयाही देऊ नका.

टायटॅनियमचा स्क्रू बहुतेक सगळेच बसवतात. जास्तीचे पैसे असतात ते त्याच्या मानेच्या घडणीचे. स्क्रू आणि त्यावरचा अबटमेंट (कॅप ज्यावर बसते तो जोडभाग) यांच्यातील फटीत जिवाणू साठतात आणि भोवतालचे हाड त्या फटीपासून खाली सरकते. म्हणून चांगल्या रचनेत अबटमेंट स्क्रूच्या तोंडापेक्षा अरुंद ठेवतात, जेणेकरून फट हाडाच्या कडेपासून आत जाते, आणि जोड शंकूसारखा घट्ट बसतो. याला प्लॅटफॉर्म स्विचिंग म्हणतात, आणि माहितीपत्रकातील चित्र दाखवून मला हेच विकले गेले.

कॅप, म्हणजे वरचा कृत्रिम दात, बसवण्याच्या दिवशी पडद्यावरच्या एक्स-रेत अरुंद अबटमेंटमुळे दिसणारी पायरी कुठेच नव्हती. अबटमेंटची आणि स्क्रूची कड सरळ एका रेषेत होती. मी विचारले, तर उत्तर मिळाले की कोनामुळे तसे दिसते. तोंडात कापसाचे बोळे असताना आणि डॉक्टर स्वतः पडद्यावर बोट ठेवून सांगत असताना कोणता रुग्ण वाद घालणार? पाकिटावरचा लॉट क्रमांकाचा स्टिकर मागितला, तर तो ‘फाइलला लावला आहे’. तो स्टिकर त्याच दिवशी हातात घ्या.

वर्षभरात एक कॅप हलू लागली. फोंड्याच्या दुसऱ्या डॉक्टरांनी ती उघडायला घेतली, तेव्हा सांगितलेल्या कंपनीचा स्क्रू-ड्रायव्हर त्या स्क्रूत बसेना. आत जुन्या पद्धतीचा, वर षट्कोन असलेला सपाट जोड होता आणि एक्स-रेत तीन आटे हाडाबाहेर दिसत होते. हाड झिजण्याला इतरही कारणे असतात, हे मला ठाऊक आहे. पण मला मधुमेह नाही, मी तंबाखूला शिवत नाही आणि स्वच्छतेत कसूर केलेली नाही. दवाखान्याने तोऱ्यात ऐकवले की पहिल्या वर्षी दीड मिलिमीटर हाड जातेच. हा जुन्या निकषांतील आकडा आहे, आणि तेवढी झीज होऊ नये म्हणूनच तर नव्या रचनेचे पैसे घेतले होते!

एका सरकारी खात्याने हा उपचाराचा विषय ठरवला, दुसऱ्याने मालाचा, आणि तिसऱ्याने स्टिकरशिवाय अर्जच घेतला नाही. जो दिला नाही हीच माझी तक्रार आहे, तो स्टिकर मी आणायचा कुठून? पोलीस स्थानकात तर विचारले, “दात तोंडातच आहेत ना, मग चोरी कसली?” प्रत्येक ठिकाणी अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या, आणि ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत या फेऱ्यांत घालवू नका.

माझी तक्रार आयोगाकडे गेल्यावर दवाखान्याने १५,००० रुपये देऊ केले, सोबत ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असा छापील कागद. त्यावर मी सही केलेली नाही.