जुळ्या एसयू कार्ब्युरेटरचा काही महिन्यांचा अनुभव: आधी हवेची गळती शोधा, मग स्क्रूला हात लावा

गाडी 1967ची एमजीबी रोडस्टर. बी-सिरीजचं 1798 सीसी इंजिन आणि त्यावर दीड इंची एसयू एचएस4 कार्ब्युरेटरची जोडी (कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग; पुढे नुसतं 'कार्ब'). दोन्ही कार्ब पूर्ण खोलून स्पिंडलला (थ्रॉटलची झडप ज्यावर फिरते त्या दांड्याला) नवे बुश बसवून घेतले, इनटेक मॅनिफोल्डचं (कार्बमधून इंजिनकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांचं) तोंड सपाट करून घेतलं आणि ट्यूनिंगसाठी काट्याचा सिंक्रोमीटर (कार्बमधून जाणारी हवा मोजणारं उपकरण) घेतला. त्यानंतर गाडी थंडीत पहाटे काढून झाली, ऐन उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये रांगली, हायवेवर लांब पल्ल्यालाही गेली. आता खात्रीने लिहिता येईल.

दोन-तीन कार्बच्या गाड्यांबद्दल एक तक्रार कायम ऐकू येते: "सेटिंग टिकत नाही, दर महिन्याला कार्ब जुळवत बसावं लागतं." मला हे पटत नाही. एसयूमध्ये मुळात बिघडण्यासारखे भागच फार कमी आहेत. हवेच्या ओढीनुसार पिस्टन वर-खाली होतो, त्याला लावलेली निमुळती सुई जेटमध्ये सरकते आणि तेवढंच पेट्रोल येतं. सेटिंग बिघडल्यासारखं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा कार्बच्या पुढे, म्हणजे कार्ब आणि सिलिंडर हेडच्या मधे, कुठून तरी चोरून हवा शिरत असते. मिक्स्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा, नट सहज हाताशी येतो, म्हणून सगळे तो फिरवतात. मूळ दुखणं तसंच राहतं.

या इंजिनात हे जास्त जाणवतं, कारण हेडला इनटेकची दोनच तोंडं आहेत: एक आणि दोन नंबरच्या सिलिंडरला मिळून एक, तीन आणि चारला मिळून दुसरं. मॅनिफोल्डमध्ये दोन्ही बाजू जोडणारी बॅलन्स नळी आहे खरी, पण गळती एका कार्बजवळ असेल तर त्या बाजूची दोन सिलिंडरं लीन होतात (पेट्रोल कमी पडतं) आणि दुसरी दोन ठीक चालतात. मग मेकॅनिक दोन्ही कार्बना रिच करतो (पेट्रोल वाढवतो), स्लो, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनची संथ चाल, सुधारतो, आणि चांगल्या बाजूचे प्लग काळे पडायला लागतात.

सर्वात मोठा फरक पडला तो थ्रॉटल स्पिंडलने. पितळेचा दांडा अॅल्युमिनियमच्या बॉडीत वर्षानुवर्षं फिरला की भोक लंबगोल होतं. स्पिंडलचं टोक दोन बोटांत धरून वर-खाली हलवलं तर झिजलेल्या कार्बमध्ये स्पष्ट खेळ लागतो. माझ्या मागच्या कार्बमध्ये तो इतका होता की इंजिन चालू असताना स्पिंडल एका बाजूला दाबून धरला की स्लो सुधारायचा आणि सोडला की पुन्हा डगमगायचा. नुसता नवीन स्पिंडल घालून हे सुटत नाही. बॉडी बोअर करून बुश बसवावेच लागतात, आणि दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत येणं गरजेचं असल्यामुळे हे काम मशीनवरच करून घ्यावं. पैसे आणि वेळ कुठे खर्च करायचा असं कोणी विचारलं तर मी आधी याचंच नाव घेईन.

दुसरं काम मॅनिफोल्डचं, आणि याकडे जवळजवळ कोणी बघत नाही. बी-सिरीजमध्ये अॅल्युमिनियमचा इनटेक आणि बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेजारी-शेजारी बसतात आणि काही स्टड दोघांत सामाईक असतात. एकच जाड वॉशर अर्धा इनटेकच्या फ्लॅंजवर आणि अर्धा एक्झॉस्टच्या फ्लॅंजवर टेकतो. दोन्ही फ्लॅंजची जाडी सारखी नसेल तर वॉशर तिरका बसतो, एक बाजू घट्ट होते आणि दुसरी नुसती टेकून राहते. नट कितीही आवळा, हवा येतच राहते. कधी काळी एखादा मॅनिफोल्ड बदललेला असेल तर ही शक्यता हमखास धरावी. मी सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून तोंडं तपासली, दोन्ही फ्लॅंज एका जाडीला आणून घेतले, नवीन गॅस्केट टाकलं आणि नट 15 फूट-पाउंडला बसवले. इंजिन काही वेळा पूर्ण तापून गार झाल्यावर नट पुन्हा तपासले, तेव्हा थोडे सैल झालेले होते. हे दुसऱ्यांदा तपासणं टाळू नका.

याच मॅनिफोल्डवर त्या काळातल्या गाड्यांत क्रँककेसची वाफ ओढणारा स्मिथ्स व्हॉल्व्ह असतो. त्यातला रबरी पडदा फाटला की तीही मोठी गळतीच. ब्रेक सर्व्हो (ब्रेकला जोर देणारं उपकरण) बसवलेला असेल तर त्याचा पाइपही तपासावा.

गळती शोधायला लोक कार्ब क्लीनर फवारतात. या गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कार्बच्या बरोबर खाली असतो, त्यामुळे गरम इंजिनवर मी ते कधीच करणार नाही. पाण्याचा बारीक फवारा मारला तरी स्लोमधला फरक कळतो, आणि धूर सोडून तपासता आलं तर त्याहून उत्तम. याच कारणाने फ्लोट चेंबरच्या (कार्बच्या पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या भांड्याच्या) ओव्हरफ्लो नळ्या एक्झॉस्टपासून लांब, पार खालपर्यंत गेल्याच पाहिजेत. त्यात तडजोड नाही.

कार्ब जोडताना सर्वात जास्त वेळ जेट मध्यावर आणण्यात गेला. माझ्या कार्बमध्ये जुनी, घट्ट बसवलेली सुई आहे. नंतरच्या स्प्रिंगवाल्या सुईला हे लागत नाही. जेट पूर्ण वर घेऊन पिस्टन बोटाने उचलायचा आणि सोडायचा. सुई जेटला न घासता उतरली तर पिस्टन खाली आपटून धातूचा स्वच्छ 'टक' येतो. मग जेट खाली घेऊन तेच करायचं. दोन्ही वेळा आवाज सारखा आला पाहिजे. एकदा जरी तो मऊ, दबका आला तरी जेटचा लॉकनट सैल करून पुन्हा पहिल्यापासून. हे काम शांत जागी करावं, कारण सगळा निवाडा कानावर असतो.

विकत आणलेल्या रिपेअर किटबद्दल एक तक्रार. एअर फिल्टरकडच्या गॅस्केटवर भोकं दिलेली होती, पण ती नीट जुळत नव्हती. एसयूच्या त्या तोंडावर पिस्टनच्या खालच्या बाजूला हवा पोचवणारी भोकं असतात. गॅस्केट उलटं बसलं किंवा भोकं चुकली की ती बुजतात, पिस्टन पुरेसा वर येत नाही, आणि फिल्टर काढून उत्तम ट्यून केलेली गाडी फिल्टर लावल्यावर ओढतच नाही. माझ्याकडे मी पंचने भोकं जुळवून घेतली. फिल्टर लावल्यावर पिकअप गेला तर सर्वात आधी इथे बघा.

आता सिंक्रोमीटर. कार्बच्या तोंडावर धरला की काटा ताशी किती किलो हवा जाते ते दाखवतो. आकडा किती यापेक्षा तो दोन्हीकडे सारखा आला पाहिजे. मी आधी रबरी नळी कानाला लावून फुसफुस ऐकायचो, आणि सवयीच्या कानाला तेही जमतं. पण स्लोला ठीक वाटणारी जोडी रेस दिल्यावर वेगळी चालते, ते नळीने लवकर कळत नाही. माझ्या मते उपकरणाचा खरा उपयोग तिथेच आहे. स्लोला दोन्ही सारखे करायचे, मधल्या जोडदांड्याचे क्लॅंप आवळायचे, मग इंजिन 1500 ते 2000 आरपीएमवर धरून पुन्हा मोजायचं. वर फरक आला तर स्क्रूत काही नाही, एका बाजूची लिंकेज दुसरीच्या आधी उघडते आहे. फाटा आणि पिन यांच्यातली ढील दोन्हीकडे सारखी केली की तो फरक जातो. मीटर फार वेळ धरून ठेवू नये, त्याच्या अडथळ्यानेच इंजिनची चाल बदलते.

मिक्स्चरसाठी जेट ब्रिजच्या (कार्बच्या घशात जेटभोवती असलेल्या सपाट भागाच्या) पातळीपासून नटाचे 12 पैलू, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली घेऊन सुरुवात केली. मग लिफ्टिंग पिनने पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलायचा. स्लो वाढून वाढलेलाच राहिला तर रिच, इंजिन पडायला लागलं तर लीन, क्षणभर चढून पूर्ववत झाला तर बरोबर. या सगळ्याच्या आधी टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) गॅप 0.015 इंच, पॉइंटचा गॅप आणि टायमिंग नीट असलंच पाहिजे.

इतक्या महिन्यांत बॅलन्स पुन्हा तपासला तेव्हा काटा दोन्हीकडे तिथेच होता. चारही प्लगचा रंग सारखा तपकिरी. स्लो स्थिर आहे, चोक लवकर परत ढकलता येतो, आणि तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलवर जो हलका झटका यायचा तो पूर्ण गेला. मायलेजमध्ये मात्र किरकोळ फरक आहे. त्यासाठी कोणी हे करू नये. उन्हात गाडी तापून बंद केली आणि दहा मिनिटांनी सुरू केली तर अजूनही थोडी कुरकुरते, कारण एक्झॉस्टच्या उष्णतेने कार्बमधलं पेट्रोल उडतं. इन्सुलेटर स्पेसर आणि हीट शील्ड दोन्ही जागेवर असल्याने त्रास कमी आहे, पण शून्य नाही.

देखभाल म्हणाल तर डॅम्परमधलं (पिस्टनची उसळी मंद करणाऱ्या भागातलं) तेल बघणं, एवढंच. मी 20 ग्रेडचं इंजिन ऑइल वापरतो. तेल कमी झालं की अचानक अॅक्सिलरेटर दाबल्यावर पिस्टन झटकन वर जातो, मिक्स्चर क्षणभर लीन होतं आणि गाडी अडखळते. जाड तेल घालून असं अडखळणं दडपता येतं, पण मग गाडी सुस्त होते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप आतून मऊ पडतात, म्हणून ते सगळे बदलले. असं पेट्रोल मिक्स्चर किंचित लीनही करतं, त्यामुळे नट थोडा रिचकडे ठेवला आहे.

एका मित्राकडे 105 मालिकेतली अल्फा रोमिओ आहे, वेबर डीसीओईची जोडी असलेली. तिथे चार घसे, चार आयडल जेट (कमी वेगाला पेट्रोल देणारे), त्यामुळे काम जास्त. पण दुखणं त्याच कुळातलं निघालं: कार्ब आणि हेडच्या मधले रबरी माउंट तडकलेले होते. वरून बघून कळलं नाही, कार्ब हाताने खाली दाबल्यावर भेग उघडली. माउंट बदलले, बंद पडलेले आयडल जेट साफ केले, आणि जेटचे आकडे न बदलता गाडी सुरळीत झाली. वेबरमध्ये साधारण 2500 ते 3000 आरपीएमपर्यंतचं रोजचं चालवणं बरंचसं आयडल जेटवरच असतं, त्यामुळे कमी वेगाला फिल्टरमध्ये फटाके वाजत असतील तर मेन जेट बदलण्याआधी हे दोन तपासा.

जोडी काढून एकच कार्ब बसवण्याचा सल्ला मलाही अनेकांनी दिला होता. रोज वापरायची गाडी असेल आणि बुश घालून देणारा माणूस सापडत नसेल तर तो पर्याय मी चुकीचा म्हणणार नाही. पण जवळपास चांगला मशिनिस्ट असेल तर मूळ जोडीच ठेवा. पुढच्या वेळी फक्त फ्लोट चेंबरचे सुई-व्हॉल्व्ह बदलणार आहे. पुढच्या कार्बचा व्हॉल्व्ह बराच वेळ उभ्या राहिलेल्या गाडीत अलीकडे थोडं पेट्रोल सोडतो.