एफ-3-ए की एफ-5-जे? आधी काट्यावर ठेवून बघा

सांगलीकडे ऊस तुटून रानं मोकळी झाली की आमची रिमोटवर उडणारी मॉडेल विमानं बाहेर निघतात आणि नव्या पोरांचा ठरलेला प्रश्न येतो: स्पर्धेसाठी हवेत कसरती करणाऱ्या विमानांचा गट, म्हणजे एफ-3-ए, त्यातलं बांधू, की मोटरनं वर चढून मग तरंगणाऱ्या ग्लायडरच्या गटातलं, म्हणजे एफ-5-जे? बहुतेक जण मोटर बघून ठरवतात. मी म्हणतो, वजन बघा.

एफ-3-ए ला पंख 2 मीटर, लांबी 2 मीटर, त्यापुढे नाही. बंधन वॅटवर नाही, व्होल्टेजवर आहे: 42.56. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा सेल पूर्ण भरला की 4.2 व्होल्ट, म्हणजे दहा सेल चालतात, अकरावा नाही. एवढं सोपं. घाम फुटतो तो काट्यावर. ही विमानं वर्षानुवर्षं 5 किलोच्या आत बसवत आलेत, आणि विजेवरचं विमान बॅटरीसकट तोलतात. 5000 एमएएच क्षमतेचा दहा सेलचा बॅटरी पॅकच सव्वा किलोच्या घरात. उरलेल्यात सांगाडा, मोटर, सर्व्हो (पंख-शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि रंग. मी हौसेनं रंगाचा एक हात जास्त दिला होता. ओळखीच्या हळदवाल्याच्या काट्यानं 5.140 दाखवलं. ते 140 ग्रॅम उतरवताना हलका स्पिनर (पंख्यापुढची टोपी) आला, कार्बनचे लँडिंग गिअर आले, आणि खिसा विमानाआधी हलका झाला.

एफ-5-जे चा हिशेब उलटा. पंख 4 मीटरपर्यंत, आणि इथं फार हलकं असून चालत नाही: दर चौरस डेसिमीटरला किमान 12 ग्रॅम भार हवा. मोटर 30 सेकंदांपर्यंत चालवा, पण आतला अल्टिमीटर (उंची मोजणारं यंत्र) सगळं टिपतो. 200 मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण जातो, त्यावर मीटरला 3. मोटर बंद केल्यावर 10 सेकंदांत विमान वर सरकलं तर तेही धरतात. म्हणजे 90 मीटरवर थांबलात तर 45 गुण गेले, 230 ला थेट 190. हवेतल्या सेकंदाला एक गुण, वेळ 10 मिनिटांची. दमदार मोटर इथं मोहात पाडते. नांगरलेल्या काळ्या रानावरून वर चढणारी गरम हवा ओळखणारा 90 मीटरवरूनही तरतो.

2021 च्या ड्रोन नियमांतली मॉडेल विमानाची 25 किलोची हद्द दोघांनाही लांबच आहे; विमान मात्र नजरेच्या टप्प्यातच ठेवा.

पहिलंच स्पर्धेचं विमान असेल तर एफ-5-जे घ्या. कसरतीचाच नाद असेल तर एफ-3-ए खुशाल बांधा, पण रंगाआधी एकदा तोला. आणि ग्लायडर घेतलंत तर उभ्या उसाच्या बाजूला उतरवू नका; बारा फुटी उसात पांढरा पंख शोधायला आम्ही तिघं अख्खी दुपार फिरलोय.